नहराच्या वाटेने समुद्राकडे

उतारवयात सायकल सुटते, ती पुष्कळदा गुडघ्यांमुळे नव्हे तर रस्त्यावरच्या वाहनांमुळे. वर्दळ नसलेली वाट आणि पुरेशी पूर्वतयारी असेल, तर कोकणच्या डोंगराळ किनाऱ्यावरही सत्तरीतला माणूस सायकलने हिंडू शकतो.

आपल्या घरात कोठेतरी एक सायकल असेल. ओसरीच्या भिंतीला टेकलेली, धानाच्या पोत्यांमागे दडलेली, चाकांतली हवा केव्हाच गेलेली. ती शेवटची कोणी चालवली आणि कोणत्या दिवशी, हेही बहुधा आपल्याला आठवत असेल. सायकल अशी एकाएकी सुटत नाही. काहीतरी घडते, आणि मग घरातले कोणीतरी प्रेमाने म्हणते, "पुरे झाले आता."

माझ्या बाबतीत ते तीन वर्षांपूर्वी घडले. बपेरा हे आमचे गाव भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. शिक्षकाच्या नोकरीत बेचाळीस वर्षे मी शाळेत सायकलने गेलो. निवृत्तीनंतरही सिहोऱ्याच्या बाजारात सायकलनेच जात असे. एका सकाळी रेतीने भरलेला टिप्पर अगदी जवळून गेला. त्याचा धक्काही लागला नाही. केवळ वाऱ्याच्या झोताने माझे हँडल वळले आणि मी रस्त्याच्या कडेला पडलो. मनगटाला प्लास्टर, दीड महिना विश्रांती. बरा झालो तेव्हा मुलाने सायकल छपरीच्या आड्याला टांगून ठेवलेली होती. त्याने ते काळजीपोटी केले, आणि मीही हरकत घेतली नाही.

पुढच्या दोन वर्षांत काय झाले ते सांगण्यासारखे आहे, कारण ते आपल्याही घरात घडत असेल. रक्तातली साखर वाढली, गोळी वाढली. बाजार मुलाच्या मोटारसायकलवर अवलंबून राहिला. जुन्या मित्रांकडे जाणे कमी झाले. ओट्यावरून उतरताना हात भिंत शोधू लागला. मनगटाचे हाड सहा आठवड्यांत जुळले होते, आणि चालण्याफिरण्याचा धीर मात्र पडून राहिला होता.

भीती नेमकी कशाची?

वृद्ध माणूस सायकल सोडतो तेव्हा तो आणि घरचे मिळून एकच कारण सांगतात: वय. पण थोडे थांबून विचारावे, भीती नेमकी कशाची आहे? तोल जाण्याची, दम लागण्याची, की मागून येणाऱ्या वाहनाची? पहिल्या दोन गोष्टींवर सरावाने आणि वैद्यकीय सल्ल्याने बरेच काही करता येते. तिसरी आपल्या हाती नाही. म्हणून उपाय शरीरात शोधण्याआधी वाटेत शोधावा.

आमच्याकडे ती वाट होतीच. चांदपूर जलाशयाचे पाणी सिहोरा भागातल्या धानाच्या बांध्यांना पोहोचवणारा नहर, आणि त्याच्या काठाने जाणारी मातीची वाट. तिच्यावर दिवसभरात काही बैलगाड्या, रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत एखादा ट्रॅक्टर, बाकी बगळे. नहराला पाणी वाहावे लागते, म्हणून त्याची वाट जवळजवळ सपाट असते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. आपल्या गावाजवळही एखाद्या तलावाची पाळ, एखादी पांदण, एखादा नहर असेलच. शहरात राहत असाल तर पहाटेचे मोठे मैदान किंवा महाविद्यालयाचे आवार पाहावे. दोनतीन किलोमीटरची वाहनमुक्त वाट पुरते. तीवरूनच फेऱ्या मारायच्या असतात.

नहराच्या वाटेवर एक सावधगिरी हवी. कठड्याविना पाणी जवळ असते, म्हणून पाण्याकडची कड सोडून चालवावे. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते, तेव्हा तिकडे जाऊच नये.

शरीराला काय मिळते, काय मिळत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आणि ज्येष्ठांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. पासष्टीनंतर त्याला आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या आणि तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामांची जोड द्यावी. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम. सायकल चालवताना ही खूण ध्यानात ठेवावी. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे त्या गोळ्या घेणाऱ्यांना नाडी मोजून श्रमाचा अंदाज येत नाही. बोलण्याची ही खूण मात्र त्यांनाही चालते.

सायकलवर शरीराचा बराचसा भार सीटवर असतो. त्यामुळे झिजलेल्या गुडघ्याला चालण्यापेक्षा सायकल पुष्कळदा सोसते, आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. पण याच कारणाने सायकल हाडांना पुरेसा भार देत नाही. हाडांच्या ठिसूळपणाची तक्रार असणाऱ्यांनी केवळ सायकलवर विसंबू नये. चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, हे चालू ठेवावे.

सायकल आणि मेंदू यांच्या नात्याचे एक विलक्षण उदाहरण 2010 साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात नोंदवले. 58 वर्षांच्या एका गृहस्थांना दहा वर्षांपासून कंपवात होता. चालू लागले की त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होत आणि काही पावलांतच ते पडत. पण सायकलवर बसवून दिले की ते सहज चालवत जात, वळत, परत येत. उतरले की पाय पुन्हा खिळत. याचा अर्थ कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाला रस्त्यावर सायकल द्यावी असा नव्हे. त्यांनी स्थिर सायकलपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी. "यांना चालता येत नाही, म्हणजे आता काहीच करता येणार नाही" असे ठरवण्याआधी मात्र हे उदाहरण आठवावे.

आधी डॉक्टर, मग सायकल, मग बारा आठवडे

पुन्हा सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: हृदय या श्रमाला तयार आहे का, औषधांच्या वेळा बदलाव्या लागतील का, दृष्टी आणि श्रवण पुरेसे आहेत का, आणि पडल्यास विशेष धोका आहे का. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी तातडीने तपासणी लागते. हेल्मेट सर्वांनीच घालावे, यांनी तर विनाअपवाद.

सायकल निवडताना अभिमान बाजूला ठेवावा. मधला दांडा खाली असलेली, ज्यांना आपण लेडीज सायकल म्हणतो ती, पुरुषांनीही घ्यावी. पाय उंच उचलून टाकावा लागत नाही. वयस्क माणूस चालत्या सायकलवरून जितका पडतो, त्याहून अधिक चढता-उतरताना आणि थांबताना डगमगतो. सीटची उंची हा दुसरा मुद्दा. सीट फार खाली असेल तर गुडघा अधिक वाकतो आणि वाटीपाशी दुखू लागतो. टाच खालच्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, ही योग्य उंची. सुरुवातीला मात्र दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवावी आणि धीर आला की बोटाबोटाने वर न्यावी. रुंद टायर, गिअर, घंटी आणि आरसा असावा. विजेच्या सायकलीचाही विचार करावा. 250 वॉटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंत वेग असलेल्या सायकलीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. ती वजनाला जड असते, हे मात्र विकत घेण्यापूर्वी स्वतः उचलून पाहावे.

माझा सराव असा होता. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पंधरा मिनिटे, आणि रोज दहा वेळा केवळ चढणे-उतरणे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात अर्धा तास, मग पाऊण तास. पुढच्या चार आठवड्यांत चढाचा सराव. आमच्या सपाट मुलखात डोंगर कुठला? तलावाची पाळ हाच आमचा घाट. तिच्यावर हलक्या गिअरमध्ये चढायचे, पलीकडे दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत उतरायचे. शेवटच्या दोन आठवड्यांत सलग दोन दिवस वीस-वीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कसे वाटते, ते पाहून प्रवास करायचा की नाही हे ठरवायचे.

दहाव्या आठवड्यात मुलगा नागपूरहून आला. काही न बोलता तो नहरापर्यंत माझ्या मागे चालत आला, पाळीवरचा चढ-उतार पाहिला आणि म्हणाला, "बाबा, मागचा ब्रेक ढिला आहे. मी घट्ट करून देतो."

डोंगरातून सपाट वाट कशी निघते

डोंगर आणि समुद्र जेथे एकमेकांना भिडतात, तेथे सायकल ही तरुणांचीच, असा आपला समज असतो. जगात काही ठिकाणी तो खोटा ठरला आहे, आणि त्याचे श्रेय जुन्या आगगाड्यांना जाते.

आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही. मुंबई-पुणे मार्गावरचा बोर घाट हा अवघड मानला जातो, पण तेथेही रूळ 37 मीटर अंतरात एकच मीटर वर चढतात. आपल्या घाटरस्त्यांवर काही ठिकाणी त्याच्या दुपटीहून अधिक चढ असतो. म्हणूनच बंद पडलेल्या लोहमार्गाची वाट वृद्ध गुडघ्यांना मानवते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वेस्टपोर्ट ते अकिल हा लोहमार्ग 1937 साली बंद झाला. आज त्याच वाटेवर 42 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला अटलांटिकचा उपसागर. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची रेल्वे 2001 साली आत, डोंगरातल्या बोगद्यांत नेण्यात आली. समुद्राकाठच्या मोकळ्या झालेल्या वाटेवर सान रेमो शहरातून जाणारा सुमारे 24 किलोमीटरचा मार्ग झाला. स्पेनने 1993 पासून अशा जुन्या मार्गांना 'हिरव्या वाटा' हे नाव देऊन जपले आहे. जपानमध्ये 1999 साली पूर्ण झालेला शिमानामी काइदो हा सुमारे 70 किलोमीटरचा मार्ग पुलांवरून बेटाबेटांना जोडतो. उंच पुलांवर चढण्यासाठी सायकलींना वेगळे, वळणावळणाचे आणि सौम्य चढाचे रस्ते आहेत.

या सगळ्यांतून आपण घ्यायचे ते इतकेच: चढ सौम्य हवा, वाहन दूर हवे, आणि थांबायला जागोजागी कारण हवे. या तीन कसोट्या लावून मी कोकणचा नकाशा पुढे घेतला.

कोकण: वाहनमुक्त नव्हे, वाहनविरळ

आपल्या कोकणातल्या ज्या रस्त्याविषयी सांगतो आहे, तो वाहनमुक्त नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. पण त्याची रचना एका गोष्टीने वेगळी आहे. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून आत आहे आणि अवजड वाहने तिकडून जातात. किनाऱ्यालगतचा रस्ता खाड्यांनी जागोजागी तोडलेला आहे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा फेरीबोटींनी खाडी ओलांडावी लागते. घाईच्या वाहनाला ही अडचण वाटते. सायकलवाल्या वृद्धाला तिचा लाभ होतो. एक तर वर्दळ कमी राहते, आणि दुसरे म्हणजे दर टप्प्याला बसण्याची, पाणी पिण्याची, खाडीचा वारा खाण्याची सक्तीची विश्रांती मिळते. आता या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याच्या योजना आहेत. ते झाले की रस्त्याचे रूप बदलेल. जायचे असेल तर फार लांबणीवर टाकू नये.

वेळ निवडली की उरलेली वाहनेही बरीच टळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ, सोमवार ते गुरुवार हे दिवस, आणि सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंतचे तास. नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या पूर्णपणे वर्ज्य. रायगडच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते.

आम्ही मागच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर गेलो. आम्ही म्हणजे मी आणि सौभाग्यवती. त्यांना सायकल येत नाही आणि गुडघ्यांमुळे आता शिकायचीही नाही. ठरले असे की मी सायकलने जायचे आणि त्यांनी सामानासह रिक्षाने किंवा एसटीने पुढच्या मुक्कामी पोहोचायचे. फेरीबोटीच्या धक्क्यावर दोघांनी भेटायचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयोगटाला निम्मे तिकीट, त्यामुळे हा बेत खिशालाही परवडतो. सायकल आधी पोत्यात बांधून रेल्वे पार्सलने मुंबईला पाठवली होती. आम्ही तुमसर रोडहून गाडीने मुंबई गाठली. पुढे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, वाहने नेणारी मोठी बोट घेतली. मांडवा ते मुरूड हा टप्पा वर्दळीचा, म्हणून तो सायकलसह छोट्या टेम्पोतून पार केला. सायकल प्रवासात सायकल टेम्पोत घालणे हे कमीपणाचे मानू नये. जो रस्ता आपला नाही, तो सोडून द्यावा.

पहिला दिवस लहान ठेवला. मुरूडहून डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला खाडी ठेवत आगरदांडा गाठले. लाटांत उभा असलेला जंजिरा दिसतो, तेथे थांबणे ओघानेच आले. बोटीवर एका खलाशाने विचारले, "आजोबा, कुठून आलात?" मी म्हणालो, "बपेऱ्याहून." त्याला ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. "तिकडे समुद्र आहे का?" मी म्हणालो, "नाही, तिकडे नहर आहे." त्याने हसून सायकल कठड्याला दोरीने बांधून दिली. दिघीपासून दिवेआगरपर्यंत चढउतार आहेत. मी दोन चढ उतरून, सायकल हातात धरून चाललो. चालत चढणे हाही सायकल प्रवासाचाच भाग आहे.

दुसरा दिवस मनात घर करून राहिला. दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून निघून आरावी, शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा, 20-25 किलोमीटरचा हा रस्ता बराच काळ समुद्राला चिकटून चालतो. एका अंगाला डोंगराची कातळभिंत, दुसऱ्या अंगाला पाणी. सकाळी सात ते आठ या तासात मला मोजून चार वाहने भेटली. मागून काही येत नाही, याची खात्री पटत गेली तशी माझी मान सैल झाली. तीन वर्षे ती आवळलेली होती, हे मला तेव्हा कळले.

त्याच दिवशी चूकही घडली. देखाव्याच्या नादात जागोजागी थांबलो, निघायला उशीर झाला आणि शेखाडीनंतरच्या चढावर उन्हात सापडलो. साखरेची गोळी सकाळी घेतलेली, न्याहारी मात्र अर्धवट. हात थरथरू लागले, घाम थंड झाला. खाली बसलो आणि खिशातली साखर खाल्ली. ती खिशात होती, कारण सौभाग्यवतींनी सकाळी ती कोंबली होती आणि मी कुरकुरलो होतो. पंधरा मिनिटे सावलीत बसून, मग केळे खाऊन, त्यांना फोन केला. त्या रिक्षा घेऊन आल्या आणि उरलेले अंतर सायकल रिक्षाच्या टपावर गेली. श्रीवर्धनला दुपारी मऊ भात आणि सोलकढी जेवलो. धानाच्या मुलखातल्या माणसाला तो भात परका वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, आणि सावित्रीच्या खाडीवरून फेरीबोटीने वेश्वी. पलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. तेथे आम्ही थांबलो. दापोली, गुहागर, गणपतीपुळे या पुढच्या टप्प्यांवर चढ अधिक आहेत. ते पुढच्या वर्षासाठी ठेवले.

सोबत करणाऱ्यांसाठी

हा भाग ज्येष्ठांनी वाचून झाल्यावर घरच्यांच्या हाती द्यावा. आपण काळजी घेता म्हणूनच आपली भीती खरी आहे. पण "जाऊ नका" म्हणण्यापेक्षा "कसे जाणार?" हे विचारल्याने अधिक सुरक्षितता येते. परवानगीविना, लपून मोठ्या रस्त्यावर जाणारा वृद्ध अधिक धोक्यात असतो.

• रोजचे अंतर आपल्या नव्हे, त्यांच्या सरावाच्या हिशेबाने ठरवावे. सरावात वीस किलोमीटर जमत असतील, तर प्रवासात पंधराच धरावेत.

• खिशात एक चिठ्ठी असावी: नाव, वय, आजार, औषधे, रक्तगट आणि घरच्या दोन व्यक्तींचे फोन. फोनमध्ये माहिती असते, पण पडल्यावर फोनच फुटतो.

• मधुमेहींच्या दोन्ही खिशांत साखर असावी. थरथर, थंड घाम किंवा गोंधळलेपणा जाणवताच तीन-चार चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, मदत बोलवावी.

• तहान लागण्याची वाट पाहू नये. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी किंवा ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

• छातीत दुखणे किंवा जडपणा, न थांबणारा दम, भोवळ, अचानक एका बाजूला आलेली कमजोरी, यांपैकी काहीही झाले तर प्रवास तेथेच संपला. रुग्णवाहिकेसाठी 108, इतर तातडीसाठी 112.

• मुक्कामी पोहोचल्यावर पाठीमागची त्वचा, तळपाय आणि सीटच्या जागेचा बधिरपणा यांची चौकशी संकोच न करता करावी. मधुमेहींच्या पायांवरची लहान जखमही त्याच दिवशी धुऊन झाकावी.

आणि एक शेवटची विनंती. चार वेळा फोन करून "कुठे आहात?" विचारू नये. दोन वेळा ठरवून घ्याव्यात आणि त्या दोघांनीही पाळाव्यात.

ज्यांना स्वतः चालवता येत नाही

काही वाचकांना आता स्वतः सायकल चालवता येणार नाही. त्यांच्यासाठीही एक वाट आहे. 2012 साली कोपनहेगनमध्ये ओले कासो यांनी वृद्धाश्रमातील रहिवाशांना पुढे आसन असलेल्या तीनचाकी सायकलवर बसवून फिरवायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली चळवळ आज अनेक देशांत आहे. तिचा आग्रह साधा आहे: प्रत्येक माणसाला केसांत वारा भरून घेण्याचा हक्क आहे, वय कितीही असो. आपल्याकडे कधीकाळी सायकल रिक्षा गावोगावी होत्या. एखादी अजून चालू असेल तर तिला पाठीला आधार आणि कमरेला पट्टा लावून, नहराच्या सपाट वाटेवर, आजीआजोबांना घेऊन जाता येईल. चालवणारा नातू असला तर दोघांचाही फायदा आहे. पायऱ्या उतरवून बाहेर आणण्याची तसदी घ्यावी लागते. ती घ्यावी.

आमची सायकल आता आड्याला टांगलेली नसते. ती ओसरीत उभी असते, आणि हँडलला साखरेची पुडी असलेली कापडी पिशवी. सौभाग्यवती ती रोज तपासतात. पुढच्या जानेवारीत वेश्वीपासून पुढे निघायचे आहे, म्हणून पाळीवरचे चढ वाढवले आहेत.

आपण उद्या सकाळी एवढेच करावे. सायकल बाहेर काढावी, चाकांत हवा भरावी, ब्रेक तपासून घ्यावा. चालवू नये. हाताने धरून आपल्या गावच्या नहरापर्यंत, पाळीपर्यंत किंवा मैदानापर्यंत न्यावी आणि त्या वाटेवर तासाभरात किती वाहने जातात, ती मोजावीत.